तुर्की प्रेमकवितेला चाल लावताना : नवख्या संगीतकारासाठी क्रमवार मार्गदर्शन

मराठी भावगीत किंवा गझल यांना चाली लावणाऱ्या माणसाला तुर्की प्रेमकवितेत बरेच काही ओळखीचे भेटते. मोजून बांधलेली वृत्ते, रदीफ (ओळीअखेर पुन्हा येणारे शब्द) आणि काफिया (त्याआधीचे यमक), शेवटच्या कडव्यात येणारे कवीचे नाव, रागासारखे स्वरबंध आणि तालासारखी आवर्तने या सर्व गोष्टी तिथेही आहेत. नवखा संगीतकार बहुधा या ओळखीपायीच फसतो, कारण शब्द समजून घेण्याआधी तो पेटी उघडतो, मनात तयार असलेली चाल काढतो आणि तुर्की ओळ तिच्यात कोंबतो. अशी चाल कानाला गोड लागली तरी तुर्की श्रोत्याला त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. तुर्कस्तानात शब्द आणि स्वर यांच्या जुळणीला ‘प्रोझोदी’ म्हणतात, आणि कोणत्याही नव्या गाण्याची पारख तिथले जाणकार आधी या कसोटीवर करतात. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच आग्रहावर उभी आहे: चाल ओळीच्या उच्चारातून निघाली पाहिजे, आणि ओळ नीट म्हणता येईपर्यंत वाद्याला हात लावू नये.

पहिली पायरी : कविता निवडणे

तुर्की प्रेमकवितेची तीन मोठी घराणी आहेत आणि प्रत्येकाची चाल लावण्याची रीत वेगळी आहे. पहिले घराणे ‘दिवान’ कवितेचे, म्हणजे ओस्मानी (ऑटोमन) काळातल्या दरबारी परंपरेचे. यात 16व्या शतकातले फुझूली आणि बाकी, 18व्या शतकातले नेदीम आणि शेख गालिब असे कवी येतात. त्यांची भाषा फारसी आणि अरबी शब्दांनी भरलेली असते आणि वृत्ते ‘आरूझ’ पद्धतीची, म्हणजे लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमाची असतात. दुसरे घराणे लोककवींचे, ज्यांना ‘आशिक’ म्हणतात. हातात साझ हे तंतुवाद्य घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या कवींमध्ये 17व्या शतकातला काराजाओलान हा प्रेमकवितेचा मुकुटमणी मानला जातो. या कवितेत लघु-गुरू पाहिले जात नाहीत, केवळ अक्षरे मोजली जातात. तिसरे घराणे 20व्या शतकातल्या आधुनिक कवितेचे, ज्यात नाझिम हिकमत किंवा ओऱ्हान वेली यांच्या मुक्तछंदातल्या कविता येतात.

नवख्याने सुरुवात लोककवितेपासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिची भाषा आजच्या बोलीला जवळची आहे, ओळी आखूड आहेत आणि गाण्यासाठीच जन्मलेल्या असल्यामुळे त्या चालीला अडवत नाहीत. दिवान कवितेकडे वळायचे असेल तेव्हा थेट गझल न घेता आधी ‘शार्की’ हा प्रकार घ्यावा. चार ओळींच्या कडव्यांची आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदाची ही रचना कवी गाण्यासाठीच लिहीत असत, आणि 1730 मध्ये वारलेल्या नेदीमने तिला इस्तंबूलच्या उद्यानांची, होड्यांची आणि उघड शृंगाराची भाषा दिली. गझलेत अनेक स्वतंत्र द्विपदी असल्यामुळे चार-पाच मिनिटांच्या गाण्यासाठी त्यांतून निवड करावी लागते, आणि तशी निवड करताना पहिली द्विपदी व कवीचे नाव असलेली शेवटची द्विपदी शक्यतो सोडू नये.

निवडीच्या वेळीच हक्कांचा (कॉपीराइटचा) प्रश्न मिटवून टाकावा. तुर्कस्तानच्या 5846 क्रमांकाच्या कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर 70 वर्षे हक्क टिकतो, तर भारतात ही मुदत 60 वर्षांची आहे. फुझूली किंवा काराजाओलान यांच्या बाबतीत काहीच अडचण नाही. ओऱ्हान वेली 1950 मध्ये वारले, त्यामुळे तुर्कस्तानात त्यांच्या कविता 2020च्या अखेरीनंतर खुल्या झाल्या. याह्या केमाल 1958 मध्ये आणि नाझिम हिकमत 1963 मध्ये वारले, त्यामुळे तिथे त्यांच्या कविता अनुक्रमे 2028 आणि 2033 संपेपर्यंत संरक्षित आहेत. इंटरनेटवर टाकलेले गाणे तुर्कस्तानातही ऐकले जाणार असल्याने लांबची मुदत धरून चालावे आणि गरज असेल तिथे वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. अनुवाद सोबत छापायचा असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो.

दुसरी पायरी : ओळ तोंडात बसवणे

तुर्की भाषा 1928 पासून लॅटिन लिपीत लिहिली जाते आणि तिचे लेखन उच्चाराला बरेच धरून आहे. या लेखात ओळी देवनागरीत दिल्या आहेत, परंतु काम करताना मूळ लिपीतला पाठ समोर असलाच पाहिजे. याचे कारण मराठी माणसासाठी फार महत्त्वाचे आहे. तुर्कीतला ‘आ’ हा स्वर आपल्या ‘आ’सारखा उघडा असला तरी मूळ तुर्की शब्दांत तो ऱ्हस्व असतो. ‘काळा’ या अर्थाचा तुर्की शब्द देवनागरीत ‘कारा’ असा लिहिला की आपल्याला दोन गुरू दिसतात, प्रत्यक्षात ती दोन्ही अक्षरे लघु असतात. काना दिसला की स्वर लांबवण्याची आपली सवय इथे आवरावी लागते. खरे दीर्घ ‘आ’ अरबी-फारसीतून आलेल्या ‘यार’, ‘आशिक’, ‘जेफा’ अशा शब्दांत असतात आणि मूळ लिपीत अनेक ठिकाणी त्यांच्यावर टोपीसारखी खूण असते.

तुर्कीत आठ स्वर आहेत. त्यांपैकी तीन आपल्याला नवीन आहेत. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटले की एक मिळतो, तसाच चंबू करून ‘ए’ म्हटले की दुसरा. तिसरा, बिंदू नसलेल्या ‘आय’ने दाखवला जाणारा स्वर, ओठ सैल ठेवून जीभ मागे ओढून ‘उ’ म्हणण्याचा प्रयत्न केला की जवळपास साधतो. देवनागरीत मी तो ‘इ’ने दाखवला आहे, पण गाताना तो ‘इ’ नव्हे. लांब स्वरावर थांबायचे असेल तेव्हा हा फरक ठळक ऐकू येतो, त्यामुळे ज्या अक्षरावर चाल थांबणार आहे त्याचा स्वर आधी घोटून घ्यावा. डोक्यावर चंद्रकोर असलेला ‘ग’ स्वतः उच्चारला जात नाही, तो मागचा स्वर लांबवतो किंवा दोन स्वरांना अलग ठेवतो. ‘च’ आणि ‘ज’ हे ‘चिमणी’ आणि ‘जीवन’ यांतल्यासारखे तालव्यच म्हणायचे, ‘चमचा’ आणि ‘जरा’ यांतल्यासारखे नव्हे.

यानंतर आघात. तुर्की शब्दात आघात सामान्यतः शेवटच्या अक्षरावर असतो, पण गावांची नावे, नकारदर्शक प्रत्यय आणि प्रश्नदर्शक ‘मी’ यांचे नियम वेगळे आहेत. प्रश्नाचा ‘मी’ स्वतः आघात घेत नाही, तो आपल्या आधीच्या अक्षराकडे ढकलतो. ‘गेल्मे’ या शब्दात जोर ‘गेल्’वर दिला तर ‘येऊ नकोस’ असा अर्थ होतो आणि ‘मे’वर दिला तर ‘येणे’ असे नाम होते. उंच किंवा ठाशीव स्वर चुकीच्या अक्षरावर पडला तर प्रेमिकेला नकार द्यायचा की तिच्या येण्याबद्दल बोलायचे हेच बदलून जाते. म्हणून एखाद्या तुर्की भाषकाने वाचलेली कविता ध्वनिमुद्रित करून घ्यावी, ती वाक्यावाक्याने ऐकून स्वतः म्हणावी, आणि कागदावर प्रत्येक आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढावी. पुढच्या सगळ्या कामाचा तोच पाया आहे.

तिसरी पायरी : अर्थ आणि भाव ठरवणे

शब्दकोशातला अर्थ कळला म्हणजे भाव कळला असे नाही. दिवान कवितेतले गुलाब आणि बुलबुल, शमा आणि परवाना, साकी आणि मद्य यांची ओळख उर्दू गझलेमुळे आपल्याला आहेच, परंतु तिथे हे सर्व मानवी प्रेमालाही लागू पडते आणि ईश्वरी प्रेमालाही. कवी कोणत्या बाजूला उभा आहे हे आधी ठरवावे लागते. 13व्या-14व्या शतकांच्या संधिकाळातल्या युनूस एमरेची प्रेमाची कविता तुर्कस्तानात ‘इलाही’ म्हणून, म्हणजे भक्तिगीत म्हणून गायिली जाते. तिला मैफिलीतल्या शृंगाराचा लडिवाळपणा दिला तर ते तिथल्या श्रोत्याला खटकेल. तुर्कीत तृतीयपुरुषी सर्वनामाला लिंग नाही, त्यामुळे प्रिय व्यक्ती स्त्री की पुरुष हे कवितेत बऱ्याचदा उघडे राहते. मराठी अर्थ लिहून घेताना आपल्याला ‘तो’ किंवा ‘ती’ निवडावे लागते, पण गाण्याचा भाव ठरवताना तो मोकळेपणा जपावा.

चौथी पायरी : ओळीच्या मात्रा मांडणे

या पायरीवर मराठी संगीतकाराची मोठी सोय आहे, कारण आपल्या वृत्तांची ओळख इथे थेट उपयोगी पडते. माधव जूलियन हे स्वतः फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी फारसी गझलेची वृत्ते मराठीत रुजवली. ओस्मानी कवींनीही आपली वृत्ते फारसीतूनच घेतली, त्यामुळे दोन्हीकडे तीच वृत्ते भेटतात. तुर्की ‘मेफाईलुन’ म्हणजे आपला ‘लगागागा’ (‘ल’ म्हणजे लघु, ‘गा’ म्हणजे गुरू). हा गण चार वेळा आला की मराठी गझलकार ज्याला वियद्गंगा म्हणतात ते वृत्त होते. फुझूलीची एक अतिशय प्रसिद्ध गझल याच वृत्तात आहे. 1556 मध्ये वारलेल्या या कवीने इराकमध्ये राहून तुर्की, फारसी आणि अरबी या तिन्ही भाषांत लेखन केले. गझलेचा मतला, म्हणजे पहिली द्विपदी, असा आहे:

बेनी जान्दान उसान्दिर्दी जेफादान यार उसान्माझ मी
फेलेक्लेर यान्दी आहिम्दान मुरादिम शेमी यान्माझ मी

‘प्रिय व्यक्तीने मला जिवाचा वीट आणला, तिला छळाचा वीट येणार नाही का? माझ्या उसाशांनी आकाशे पेटली, माझ्या इच्छेची ज्योत पेटणार नाही का?’ असा त्याचा भावार्थ. आता पहिली ओळ मोजू या. ‘बे-नी-जान्-दान्’ हा पहिला गण, ‘उ-सान्-दिर्-दी’ हा दुसरा. तिसऱ्या गणात ‘जे-फा-दान्-या’ एवढेच येते, कारण ‘यार’मधला ‘र’ पुढच्या ‘उ’ला जाऊन मिळतो आणि चौथा गण ‘रु-सान्-माझ्-मी’ असा होतो. या जोडणीला तुर्कीत ‘उलामा’ म्हणतात. गाताना ‘यार’ म्हणून श्वास घेतला तर ही जोडणी तुटते आणि मात्राही चुकतात, म्हणून श्वासाची जागा ‘यार’च्या आधी ठेवावी.

याच ओळीत दुसरी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘बेनी’ या तुर्की शब्दातले दोन्ही स्वर मुळात ऱ्हस्व आहेत. वृत्तासाठी ‘नी’ ओढून गुरू केला आहे. या ओढण्याला ‘इमाले’ म्हणतात. ‘दिर्दी’तल्या ‘दी’चेही तेच. याउलट ‘जेफा’तला ‘फा’, ‘यार’मधला ‘या’, दुसऱ्या ओळीतल्या ‘आहिम्दान’चा ‘आ’ आणि ‘मुरादिम’चा ‘रा’ हे जन्मतःच दीर्घ आहेत. कागदावर दोन्ही सारखेच गुरू दिसतात, चाल लावताना मात्र त्यांना सारखे वागवू नये. हरकती, मुरक्या, लांब मींड आणि जागा घ्यायच्या त्या खऱ्या दीर्घ अक्षरांवर. ओढलेल्या अक्षरांना दोन मात्रांचा हिशेब चुकता करून साधेपणाने पुढे जाऊ द्यावे. तान ‘बेनी’वर घेतली तर कृत्रिम वाटते, ‘आह’वर घेतली तर तीच कवितेतून आल्यासारखी वाटते.

दुसऱ्या ओळीत ‘यान्दी’चा शेवटचा स्वर आणि ‘आहिम्दान’चा पहिला स्वर शेजारी येतात. तिथे संधी करायचा नाही. ‘दी’ एक मात्रेचा ठेवून ‘आ’ स्वतंत्रपणे उचलावा. रदीफातला ‘मी’ हा प्रश्नाचा आहे. बोलण्यात स्वर ‘माझ्’वर चढतो आणि ‘मी’वर उतरतो, त्यामुळे चालीनेही तसेच करावे. ‘मी’वर स्वर चढवून ओळ संपवणे हा मोह मराठी आणि हिंदी गाण्यांच्या सवयीमुळे होतो.

लोककवितेत मोजणी वेगळी. सात, आठ आणि अकरा अक्षरांच्या ओळी तिथे अधिक आढळतात. अकरा अक्षरे सहा आणि पाच अशी किंवा चार, चार आणि तीन अशी तुटतात, आठ अक्षरे बहुधा चार आणि चार अशी. काराजाओलानच्या एका कवितेची सुरुवात अशी आहे:

इन्जेजिकतेन बिर कार याआर
तोझार एलिफ एलिफ दिये
देली ग्यॉन्युल आबदाल ओल्मुश
गेझेर एलिफ एलिफ दिये

बारीक हिम पडते आहे आणि ‘एलिफ, एलिफ’ म्हणत भुरभुरते आहे, वेडे मन अवलिया होऊन ‘एलिफ, एलिफ’ म्हणत भटकते आहे, असा अर्थ. एलिफ हे मुलीचे नाव आणि अरबी लिपीतले पहिले अक्षरही. ‘याआर’ हे इथे दोन अक्षरांचे आहे, कारण मधला ‘ग’ उच्चारला जात नसला तरी दोन स्वर वेगळे ठेवतो. नवखा गायक तिथे ‘यार’ असे एकच अक्षर गातो, ओळीतले एक अक्षर कमी होते आणि ‘हिम पडते’ याऐवजी भलताच शब्द ऐकू येतो. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत विराम दोन ‘एलिफ’च्या मध्ये पडतो. चालीने तो विराम पाळला की नाव पुन्हा पुन्हा पुकारल्याचा परिणाम आपोआप मिळतो.

पाचवी पायरी : उसूल, म्हणजे ताल

तुर्की तालाला ‘उसूल’ म्हणतात. त्याचे मूळ बोल दोन: जड आघाताचा ‘द्यूम’ आणि हलक्या आघाताचा ‘तेक’. पारंपरिक शिकवणीत, जिला ‘मेश्क’ म्हणतात, शिष्य गुरूसमोर बसून उजव्या हाताने उजव्या गुडघ्यावर ‘द्यूम’ आणि डाव्या हाताने डाव्या गुडघ्यावर ‘तेक’ वाजवत गाणे पाठ करतो. नवख्याने हीच पद्धत स्वीकारावी. आधी कविता नुसती म्हणत गुडघ्यांवर उसूल वाजवावा, सूर नंतर.

सोफ्यान हा चार मात्रांचा सरळ उसूल आहे. द्युयेक आठ मात्रांचा आहे, पण त्याचे आघात एक, दोन, एक, दोन, दोन असे पडतात, त्यामुळे केरव्याच्या सवयीने वाजवला तर त्याचा तोल जातो. आक्साक म्हणजे नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन अशा विभागलेल्या. जुर्जुना दहा मात्रांचा, तीन-दोन-दोन-तीन. झपतालात दोन-तीन-दोन-तीन असे विभाग असल्याने मात्रा तेवढ्याच असूनही चाल वेगळी पडते. देव्री हिंदी सात मात्रांचा, तीन-दोन-दोन, आणि देव्री तुरान सातच मात्रांचा, पण दोन-दोन-तीन.

आता हे वर मोजलेल्या ओळींना लावून पाहावे. काराजाओलानच्या ओळीच्या प्रत्येक अर्ध्यातली चार अक्षरे आक्साकच्या चार विभागांत बरोबर बसतात: ‘इन्’, ‘जे’, ‘जिक्’ यांना प्रत्येकी दोन मात्रा आणि ‘तेन’ला तीन. पुढच्या आवर्तनात ‘बिर’, ‘कार’, ‘या’ यांना दोन-दोन आणि ‘आर’ला तीन. प्रत्येक चरणार्धाच्या शेवटी ती एक जादा मात्रा मिळते आणि हिम भुरभुरत खाली येण्याचा झोका त्यातून तयार होतो. हीच ओळ सोफ्यानमध्ये, एका मात्रेला एक अक्षर धरून गायिली तर ती चालत्या माणसाचे गाणे वाटते. दोन्ही योग्य आहेत, फक्त सरळ तालाने सुरुवात करून मग आक्साककडे जाणे सोपे पडते.

फुझूलीच्या ओळीचे गणित तर मराठी माणसाला आनंद देईल. लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा धरल्या तर ‘लगागागा’च्या सात मात्रा होतात, आणि पहिला लघु व पहिला गुरू मिळून तीन, मग दोन, मग दोन, म्हणजे देव्री हिंदीचे नेमके विभाग. हेच आपल्या रूपकाचेही विभाग आहेत. तरीही रूपकाचा ठेका उचलून तिथे ठेवू नये, कारण रूपकात सम खालीची, म्हणजे हलकी, असते आणि देव्री हिंदीत पहिल्या मात्रेवर जड ‘द्यूम’ असतो. त्या ‘द्यूम’वर ‘बे’ हे लघु आणि आघातरहित अक्षर येते, ही या मांडणीची उणीव आहे. तिच्यावर एक चांगला उपाय आहे. ‘बे’ हे अक्षर आधीच्या आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर घ्यावे आणि ‘नी’वर समेला यावे. आता ‘नी’ला दोन, ‘जान्’ला दोन, आणि ‘दान्’ व ‘उ’ मिळून तीन मात्रा होतात. हा झाला देव्री तुरान. ‘बेनी’चा बोलण्यातला आघातही ‘नी’वरच असल्याने ओळ मोकळी होते, आणि तिसऱ्या आवर्तनात समेवर ‘जेफा’चा खरा दीर्घ ‘फा’ येतो. दोन्ही मांडण्या म्हणून पाहाव्यात आणि कानाला पटेल ती घ्यावी. माझा कौल दुसरीला आहे.

प्रत्येक लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा हे बंधन शेवटपर्यंत पाळायचे नसते. जुन्या संथ रचनांत एका अक्षरावर अनेक मात्रा खर्च होतात. नियम एवढाच आहे की लघु अक्षर शेजारच्या गुरूपेक्षा लांब होऊ नये, आणि झाले तर त्याला भावाचे सबळ कारण असावे.

सहावी पायरी : मकाम

मकाम म्हणजे तुर्की संगीतातला रागासारखा स्वरबंध. तो केवळ स्वरसप्तक नव्हे, हे राग जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आधारस्वराला ‘दुराक’ म्हणतात, प्रबळ स्वराला ‘ग्युच्ल्यु’, आणि चलनाला ‘सेयिर’. सेयिर तीन प्रकारचा: खालून चढत जाणारा, वरून उतरत येणारा आणि मधून सुरू होऊन दोन्हीकडे फिरणारा. ह्युसेय्नी आणि मुहाय्येर या मकामांचे स्वर एकच आहेत, पण पहिला पाचव्या स्वराच्या आसपास सुरू होतो आणि दुसरा थेट तार षड्जाकडून उतरतो. भूप आणि देशकार यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे लगेच उमजेल. प्रेमकवितेत याचा उपयोग मोठा आहे. कवितेची पहिलीच ओळ हाक किंवा आक्रोश असेल तर उतरत्या सेयिरचा मकाम घ्यावा, आणि कविता हळूहळू कबुलीकडे जात असेल तर चढता.

तुर्की संगीतशास्त्रात सप्तकाचे 53 सूक्ष्म भाग मानतात, त्यांना ‘कोमा’ म्हणतात. पूर्ण स्वरांतर नऊ कोमांचे. हिजाझ मकामात सा ते कोमल रे पाच कोमा, रे ते शुद्ध गंधार बारा आणि गंधार ते मध्यम पुन्हा पाच. याचा अर्थ पेटीच्या पट्ट्यांपेक्षा इथला कोमल रिषभ किंचित चढा आणि गंधार किंचित उतरलेला असतो. पेटीवर हिजाझ वाजवला की तो ताठ आणि भडक वाटतो त्याचे कारण हेच. उश्शाक मकामाचा रिषभ तर कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि उतरताना आणखी खाली येतो. पेटीत तो सापडणारच नाही.

म्हणून नवख्याने पहिल्या गाण्यासाठी निहावेंद किंवा क्युर्दी घ्यावा. निहावेंदचे स्वर पाश्चात्त्य मायनरच्या जवळ आहेत, क्युर्दीचे आपल्या भैरवीच्या. पुढे हिजाझ, आणि उश्शाक व ह्युसेय्नी कान तयार झाल्यावर. काराजाओलानची कविता खरे तर ह्युसेय्नीला फार शोभते, कारण अनातोलियाच्या लोकगीतांत हा स्वरबंध सर्वत्र भेटतो. ज्याच्याजवळ व्हायोलिन, सारंगी किंवा तयार गळा आहे त्याने थेट तिकडे जायला हरकत नाही. हिजाझला बसंत मुखारी किंवा भैरव समजून त्या रागांची अंगे आत आणू नयेत. भैरवाचे आंदोलन हिजाझमध्ये आले की तुर्की कानाला ते परके वाटते.

सातवी पायरी : गाण्याचा आराखडा

19व्या शतकात हाजी आरिफ बेय या संगीतकाराने शार्की हा गीतप्रकार तुर्की संगीताच्या केंद्रस्थानी आणला. त्यांचा काळ 1831 ते 1885. चार ओळींच्या कडव्याची त्याची मांडणी आजही आदर्श मानली जाते. पहिली ओळ ‘झेमिन’, तिथे मकामाची ओळख होते. दुसरी ‘नाकारात’, म्हणजे आपले धृपद. तिसरी ‘मेयान’, तिथे चाल वरच्या पट्टीत जाते आणि जवळच्या दुसऱ्या मकामात डोकावून येते. चौथी ओळ पुन्हा नाकारातच्या चालीवर. मध्ये वाद्यांचा छोटा तुकडा असतो, तो ‘आरानाहमे’.

मेयानची तुलना अंतऱ्याशी होते, परंतु अंतरा बऱ्याच वेळा दोन-तीन ओळी चालतो आणि मेयान एकाच ओळीचा असतो. त्यामुळे तिसऱ्या ओळीत कवितेने काय म्हटले आहे ते तपासावे. तिथे भावाचा चढ नसेल, साधे वर्णन असेल, तर वरच्या पट्टीत जाण्याने गाणे पोकळ होते. अशा वेळी दुसरे कडवे निवडणे किंवा मेयान शांत ठेवून फक्त मकाम बदलणे हे दोन पर्याय उरतात. दुसऱ्या मकामात गेल्यावर परतीचा रस्ता नाकारातच्या पहिल्या स्वरापर्यंत आधीच आखून ठेवावा.

लोककवितेला हा आराखडा लावू नये. तिथे प्रत्येक कडव्याला तीच चाल असते आणि साझचा तुकडा कडवी जोडतो. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव घालतो, जसे अभंगात ‘तुका म्हणे’ येते. त्या ओळीवर ठेका थोडा सैल करून नाव स्पष्ट ऐकू येऊ द्यावे. ताल सोडून मोकळेपणे गायचे असेल तर लोकसंगीतात ‘उझुन हावा’ आणि शहरी परंपरेत ‘गाझेल’ नावाची उत्स्फूर्त गायकी आहे. फुझूलीच्या गझलेसारख्या रचनेला ती फार खुलते, पण मकाम गळ्यावर चढल्याशिवाय ती जमत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये.

आठवी पायरी : मुक्तछंद

आधुनिक कवितेत मोजायला काही नसते, तेव्हा वाक्य हेच माप. प्रत्येक वाक्य एका श्वासात म्हणावे, जिथे कवीने ओळ तोडली आहे तिथे स्वर थांबवावा, आणि कवितेत जो वाक्यांश पुन्हा पुन्हा येतो तो धृपद म्हणून वापरावा. शब्द पालटून, गाळून किंवा यमकासाठी जोडून ओळ सोयीची करणे टाळावे. मुनीर नुरेत्तिन सेल्चुक यांनी याह्या केमालच्या कवितांना लावलेल्या चाली या पायरीवर अभ्यासाव्यात. त्या कविता मुक्तछंदातल्या नाहीत, आरूझमध्येच आहेत, तरीही लांब वाक्य न तोडता चालीत कसे वाहते ठेवावे ते त्यांतून शिकता येते.

नववी पायरी : वाद्ये आणि स्वरलेखन

तुर्की अभिजात संगीतात सर्व वाद्ये एकच चाल आपापल्या ढंगाने वाजवतात, कॉर्ड नसतात. ऊद, कानून व तानबूर (तारा छेडून वाजवायची), नेय (बासरी) आणि केमेन्चे (गजाने वाजवायचे) ही तिथली नेहमीची वाद्ये. ती मिळाली नाहीत तरी एक व्हायोलिन, एक बासरी आणि तानपुरा एवढ्यावर चांगले काम होते, कारण सतत धरलेला आधारस्वर तिथेही चालतो. तिथे त्याला ‘देम’ म्हणतात. गिटारचे कॉर्ड निहावेंदला सोसतात, उश्शाकला ते मारून टाकतात. तबल्यापेक्षा डफासारखे वाद्य बरे, कारण तबल्याचे भरलेले बोल अक्षरांच्या लांबीवर पडदा टाकतात.

तुर्की स्वरलेखन पाश्चात्त्य पाच रेघांवर लिहिले जाते, पण त्यात कोमा दाखवणाऱ्या जादा खुणा असतात. शिवाय प्रचलित मूळ पट्टीत, जिला ‘बोलाहेंक’ म्हणतात, कागदावर ‘रे’ (पाश्चात्त्य डी, आपला रिषभ नव्हे) लिहिलेला स्वर प्रत्यक्षात 440 हर्ट्झचा ‘ला’ (पाश्चात्त्य ए) वाजतो. हे माहीत नसेल तर वादकांची आणि गायकाची पट्टी एकमेकींत अडकते. आपल्या गाण्याचे लेखन करताना वर एका ओळीत मकाम, उसूल आणि प्रत्यक्ष आधारस्वर लिहावा, आणि स्वरांखाली शब्द अक्षरशः तोडून, मूळ तुर्की लिपीत लिहावेत. हिंदुस्थानी सरगम सोबत द्यायला हरकत नाही.

दहावी पायरी : तपासणी आणि श्रेय

कच्चे ध्वनिमुद्रण झाले की ते कविता माहीत नसलेल्या तुर्की भाषकाला ऐकवावे आणि ऐकलेले शब्द लिहून द्यायला सांगावे. चाल आवडली का, हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. लिहून आलेला पाठ मूळ कवितेशी ताडून पाहिला की कोणत्या अक्षरावर चाल चुकली ते नेमके कळते: बहुतेक वेळा तिथे लघु अक्षर ओढलेले असते, आघात सरकलेला असतो किंवा श्वास दोन शब्दांच्या जोडणीत (उलामात) पडलेला असतो. चाल तेवढ्या जागी बदलावी, शब्द बदलू नयेत. दुरुस्तीनंतर दुसऱ्या भाषकाला ऐकवावे, कारण पहिल्याला आता शब्द पाठ झालेले असतात.

प्रसिद्ध करताना कवीचे नाव ‘ग्युफ्ते’ या शब्दासमोर आणि चाल लावणाऱ्याचे ‘बेस्ते’समोर लिहावे, त्याखाली मकाम आणि उसूल द्यावा. कवितेतली कडवी गाळली असतील तर कोणती गाळली तेही नमूद करावे. मराठी श्रोत्यांसाठी अर्थ देताना तो गद्यात द्यावा, कारण पद्यानुवाद दिला की ऐकणारा मूळ शब्द सोडून अनुवादाच्या यमकाकडे लक्ष देऊ लागतो.